फुल फ्रेम घेऊ का? आधी लेन्सचं भोक मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हातात सोनीचा ए६४०० कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १६-५० ची किट लेन्स. घरातली लग्नं, मुंजी, बारशी आणि रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी, असा दुहेरी नाद. रात्रीच्या हॉलमधले फोटो दाणेदार येतात, पक्षी लांबच राहतात. मित्र म्हणतात, "क्रॉप सेन्सर आहे ना, म्हणून." दीड लाख जमलेत. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी घ्यावी का?

नाही. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण दोन्हींचं मूळ लेन्समध्ये आहे. सेन्सरच्या आकाराला अर्थ नाही असं मी म्हणत नाही, मी स्वतः रोजच्या कामाला फुल फ्रेमच वापरतो. पण तो आकार नेमकं काय देतो आणि काय देत नाही हे मला पैसे घालवून कळलं. तुमचे वाचले तर बरं.

आधी मापं बघू, कारण नावांनी फार घोळ घातलाय. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. यातलं 'फुल' हे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने. लायकाच्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाच्या फिल्मची दोन घरं जोडून हे माप वापरलं आणि १९२५ मध्ये तो कॅमेरा बाजारात आला. आमच्या स्टुडिओत पूर्वी याशिकावर १२० चा रोल चालायचा. त्या ६ × ६ सेंमीच्या निगेटिव्हपुढे ३५ मिमीची पट्टी जुन्या मंडळींना पोरखेळ वाटे. जर्मन लोक तर तिला 'छोटं चित्र' असंच म्हणत. आज तेच छोटं चित्र 'फुल' झालंय. तुमच्या ए६४०० चा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी, म्हणजे एपीएस-सी, मित्र म्हणतात तो 'क्रॉप'. हे नाव १९९६ साली आलेल्या आणि काही वर्षांतच गाशा गुंडाळलेल्या एका फिल्मचं. कॅननचा एपीएस-सी किंचित लहान, २२.३ × १४.९. ऑलिंपस आणि पॅनासोनिकने आणलेला मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. आणि 'एक इंची' सेन्सर? १३.२ × ८.८ मिमी. फूटपट्टी लावलीत तर त्यात एक इंच कुठेच सापडणार नाही, कर्णसुद्धा जेमतेम १६ मिमी भरतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची, तिचा बाहेरचा व्यास एक इंच. नळी गेली, माप नावात राहिलं.

आता नॉइज, म्हणजे फोटोतले ते दाणे. वळवाचा पाऊस सुरू होतो तेव्हा अंगणातल्या फरशा बघा. एका फरशीवर चार थेंब, शेजारच्या फरशीवर सात. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, पण थेंब कमी असल्यामुळे फरशा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. पाच मिनिटं पडू द्या, सगळं अंगण एकसारखं ओलं. प्रकाशही असाच कणाकणाने येतो. एखाद्या ठिकाणी सरासरी १०० कण पडत असतील तर साधारण १० इकडेतिकडे होणार, म्हणजे दहा टक्क्यांची चुकामूक. १०,००० पडले तर १०० इकडेतिकडे, म्हणजे फक्त एक टक्का. हॉलमधल्या फोटोतले दाणे बहुतांश हेच असतात. सेन्सर बिघडलेला नसतो, थेंबच कमी पडलेले असतात. आयएसओ वाढवल्याने थेंब वाढत नाहीत, पडलेले थेंब फक्त मोठे करून दाखवले जातात.

लेन्सवरचा एफ नंबर हा पावसाचा जोर समजा, आकडा जितका लहान तितका जोर जास्त. एफ/२.८ म्हणजे एफ/२.८, सेन्सर कोणताही असो, दर चौरस मिलिमीटरवर सारखाच पाऊस. सेन्सर ही त्या पावसात ठेवलेली परात. परात मोठी असेल तर एकूण पाणी जास्त जमतं. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या सव्वादोनपटीहून थोडं जास्त, म्हणजे एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) जरासा जास्त फायदा. तुमच्याकडे आयएसओ ३२०० वर जे दाणे दिसतात, ते त्याच पिढीच्या फुल फ्रेमवर साधारण ७००० च्या आसपास दिसतील. फायदा खरा आहे. पण तो एवढाच आहे, आणि तोही एफ नंबर तोच राहिला तरच.

इथेच मी आपटलो होतो. २०१५ साली माझ्याकडे क्रॉप बॉडी आणि १७-५० एफ/२.८ लेन्स होती. लग्नसराईच्या आधी कर्ज काढून फुल फ्रेम घेतला, आणि पैसे संपले म्हणून त्याच्यासोबत किटमध्ये मिळणारी २४-१२० एफ/४ घेतली. पहिल्याच रिसेप्शनचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि जुन्या फोटोंशेजारी ठेवले. दाणे तेवढेच, मागचा धूसरपणा तेवढाच, फक्त खांदा जास्त दुखत होता. आठवडाभर मला वाटत होतं की बॉडी सदोष निघाली. मग एका वयस्कर सिनेमॅटोग्राफरने कागदावर एक भागाकार करून दाखवला. तो तुम्हीही करा: फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा मिमीतला आकडा, भागिले एफ नंबर. उत्तर येतं ते लेन्सच्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

जुनी लेन्स: ५० ला २.८ ने भागा, जवळजवळ १८ मिमी. क्रॉपवर ५० मिमीने जेवढी चौकट दिसते तेवढीच फुल फ्रेमवर दिसायला ७५ मिमी लागतात. नवी लेन्स: ७५ ला ४ ने भागा, पावणेएकोणीस. भोक जवळपास तेवढंच! नवरानवरीकडून निघून माझ्या कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश मोठ्या सेन्सरमुळे वाढलाच नव्हता. तेवढंच पाणी मी मोठ्या परातीत पसरून घेतलं होतं.

चौकट तीच आणि शटर तोच असेल तर दाणे किती येतील आणि पार्श्वभूमी किती विरघळेल, हे या भोकावरून जवळजवळ ठरतं. बाकी सेन्सरची पिढी, लेन्सची धार वगैरे गोष्टी आहेतच, पण त्या नंतरच्या. मोठ्या सेन्सरचा खरा उपयोग असा की त्याच्यासाठी मोठ्या भोकाच्या लेन्स बनवणं सोपं जातं, आणि त्या सर्रास मिळतात. फुल फ्रेमवरची साधी ५० मिमी एफ/१.८ घ्या, भोक जवळपास २८ मिमी. क्रॉपवर हेच साधायला ३३ मिमी एफ/१.२ लागेल. तीही मिळते, पण मग वजन आणि किंमत बघून तुम्हीच म्हणाल की फुल फ्रेम काय वाईट होता.

आता तुमची किट लेन्स. १६ मिमीला एफ/३.५, भोक साडेचार मिमीच्या आसपास. आणि हल्ली 'एक इंची' सेन्सरचे फोन येतात ना, २०२२ चा शाओमी १२एस अल्ट्रा त्यातला गाजलेला. त्याच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ साडेआठ मिमीच्या जवळ, एफ/१.९. भोक पुन्हा साडेचार मिमीच. दृश्यही जवळपास तेवढंच रुंद. म्हणजे हॉलमध्ये सगळी स्टेज घेताना अशा फोनचा फोटो ए६४०० च्या तोडीस तोड दिसला, तर त्यात कॅमेऱ्याचा अपमान काही नाही. शिवाय फोन पटापट अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो, म्हणजे वेळ घालवून थेंब गोळा करतो. अंतरपाट दूर झाला आणि अक्षता उडाल्या की मात्र त्याची पंचाईत होते. उडत्या अक्षतांचे पाच फोटो एकमेकांवर बसत नाहीत, काहीतरी गिळलं जातं किंवा फराटे उरतात. आणि दुकानात 'एक इंची' ऐकून फोन घेणार असाल तर लक्षात ठेवा, तो सेन्सर मुख्य लेन्समागे असतो. झूमच्या लेन्समागे त्याहून बराच लहान.

तर हॉलसाठी काय? ३० मिमी एफ/१.४ सारखी एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. सिग्माची तुमच्या माउंटला बसते. भोक २१ मिमीच्या वर. किट लेन्सच्या त्याच फोकल लेंथच्या तुलनेत तीन स्टॉपहून जास्त प्रकाश. फुल फ्रेमने मिळणार होता जेमतेम एकाहून थोडा जास्त. झूमशिवाय चैन पडत नसेल तर १८-५० एफ/२.८ बघा, वजन तीनशे ग्रॅमच्या घरात आहे.

आणि प्राइमच्याही आधी फ्लॅश घ्या, जो छताकडे वळवता येतो असा. एफ/१.४ वर आत्या, मावश्या, काकवा अशी तीन रांगांची फौज उभी राहिली तर एकच रांग स्पष्ट येणार, आणि मागच्या रांगेतल्या मावशी ते वर्षभर ऐकवणार. तिथे एफ/५.६ आणि पांढऱ्या छतावरून उसळवलेला फ्लॅश हाच उपाय, सेन्सर कितीही मोठा असो. फक्त मांडवात छताला लाल-केशरी कापड असेल तर फ्लॅश वर मारू नका, सगळ्यांना कावीळ नाहीतर गोवर झाल्यासारखं दिसतं. आणखी एक, हे सेन्सरशी संबंधित नाही पण दोष सेन्सरलाच दिला जातो: फोटोत आडवे काळपट पट्टे येतात ते दिव्यांमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा, बहुतेक पट्टे जातील. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचं गणित वेगळं असतं, तिथे शटर थोडा थोडा बदलत बघावं लागतं.

आता पक्षी, आणि इथे तर फुल फ्रेमचा सल्ला उलटाच पडतो.

समजा २८ सेंटीमीटरचा खंड्या तुमच्यापासून २८ मीटरवर फांदीवर बसलाय आणि लेन्स ५०० मिमीची आहे. सेन्सरवर पडणारी त्याची प्रतिमा ५ मिमी लांब. सेन्सर क्रॉप असो की फुल फ्रेम, पाच मिमी म्हणजे पाच मिमी. क्रॉपने पक्षी जवळ येत नाही, आजूबाजूचं पाणी आणि बाभळी तेवढ्या कापल्या जातात. फरक पडतो पिक्सेलमध्ये. तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्या पाच मिमीत सुमारे १२७५ पिक्सेल बसतात. २४ मेगापिक्सेलच्याच फुल फ्रेमवर सुमारे ८३०. दीड लाखात बहुतेक तसाच फुल फ्रेम हाती येईल. म्हणजे पैसे खर्चून खंड्याची पिसं कमी झाली. निकॉन डी८५० सारख्या ४५ मेगापिक्सेलच्या बॉडीवर साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे तुम्ही आज आहात तिथे.

"पण नॉइज तर कमी येईल?" अख्खी चौकट बघितली तर कमी येईल. पक्ष्यावर नाही. लेन्स तीच, भोक तेच, अंतर तेच, तर त्या पाच मिमीवर पडणारे थेंबही तेवढेच. फुल फ्रेमने जास्तीचा प्रकाश गोळा केला तो पक्ष्याच्या भोवतालचा, आणि तो तुम्ही घरी येऊन क्रॉप करून टाकून देणार. पक्षी चौकटीत मावेनासा झाला, तुम्ही मागे सरकायला लागलात, की समजायचं आता फुल फ्रेमची वेळ आली. नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून तसं झाल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. गोदावरी-कादवाचं ते पाणी पसरट, बदकं पार मध्यावर. आणि सकाळचे दहा वाजून गेले की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. त्यानंतर कोणताही सेन्सर आणि कोणतीही लेन्स लांबच्या पक्ष्याला धार देऊ शकत नाही. साडेसहाला पोहोचा, हा फुकटातला अपग्रेड.

लेन्समध्ये दोन वाटा आहेत. सोनीची ७०-३५०, वजन ६२५ ग्रॅम, लांबच्या टोकाला भोक साडेपंचावन्न मिमी. किंवा २००-६००, भोक ९५ मिमी, म्हणजे प्रकाश जवळजवळ तिप्पट, पण वजन दोन किलोच्या वर आणि किंमत तुमचं बजेट एकटीच खाणार. पहिल्या लेन्सने तुम्ही मनोरा सोडून बांधाबांधाने चालाल, दुसरीने एका जागी बसाल. मी सत्तेचाळिशीत आहे, मला आता बसायला आवडतं. तुमच्या जागी असतो तर ७०-३५० घेतली असती. पक्ष्यांपुरतंच बघणाऱ्या एका मित्राने तर फुल फ्रेम विकून मायक्रो फोर थर्ड्स घेतला. त्याची ३०० मिमी एफ/४ फुल फ्रेमच्या ६०० मिमीइतकं जवळ आणते, भोक ७५ मिमी. ९५ पेक्षा कमी, पण फरक एका स्टॉपहूनही लहान, आणि लेन्सचं वजन दीड किलोच्या आत.

सप्टेंबरात कासला गेलात तर आणखी एक गंमत दिसेल. फुलांच्या जवळ जाऊन फोटो काढताना पाकळीपासून देठापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं, आणि वाऱ्याने फूल डोलत असल्यामुळे शटर हळू करता येत नाही. मायक्रो फोर थर्ड्सवाला एफ/८ लावतो. फुल फ्रेमवाल्याला तेवढीच खोली (पुढेमागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) मिळवायला एफ/१६ लागतो, म्हणजे आयएसओ चौपट. मोठ्या सेन्सरचा सगळा फायदा तिथल्या तिथे वजा. दोघांचे फोटो सारखेच येतात. फरक फक्त पठारावर चढवलेल्या वजनाचा.

मग फुल फ्रेम खरा जिंकतो कुठे? जिथे प्रकाश कमी आहे, भोक मोठं परवडतं आणि खोली कमी चालते तिथे. रात्रीचं लग्न, नाटकाचा प्रयोग, ८५ मिमी एफ/१.८ वरचं पोर्ट्रेट, ताऱ्यांचे फोटो. आणि अगदी वेगळ्या कारणाने, ट्रायपॉडवर आयएसओ १०० लावून काढलेल्या निसर्गदृश्यात. तिथे मोठी परात काठोकाठ भरेपर्यंत वेळ देता येतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या सावल्या नंतर उजळल्या तरी स्वच्छ निघतात. फुजीच्या जीएफएक्स कॅमेऱ्यांचे, फुल फ्रेमहूनही मोठे ४३.८ × ३२.९ मिमीचे सेन्सर याच कामात शोभतात. हॉलमध्ये नेऊन काही उपयोग नाही.

किमतीचंही एक कारण सांगून टाकतो. चिप छापणारी यंत्रं एका झटक्यात साधारण २६ × ३३ मिमीचा तुकडा छापतात. एपीएस-सी त्यात आरामात मावतो. फुल फ्रेमची ३६ मिमीची बाजू मावत नाही, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी छापून जुळवावा लागतो. त्यात सिलिकॉनच्या एका चकतीतून कमी सेन्सर निघतात, आणि एखादा डाग पडला की मोठा तुकडा वाया जातो. म्हणून दर चौरस मिलिमीटरमागे तो महागच राहणार.

पिक्सेल मोठे की लहान यावर भांडणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. एकाच आकाराच्या, एकाच पिढीच्या २४ आणि ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरचे फोटो १२ × १८ इंची प्रिंटवर शेजारी ठेवले तर दाण्यांत फारसा फरक दिसत नाही. १०० टक्के झूम करून बघितलं तर दिसतो, पण तसा अल्बम कुणी बघत नाही. १२ × १८ ला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात, तुमच्याकडे २४ आहेत.

एक सापळा राहिला. समजा माझं न ऐकता फुल फ्रेम घेतलातच आणि आत्ताची किट लेन्स त्यावर लावलीत. ती बसेल. पण बॉडी आपोआप मधला क्रॉपपुरता भाग वापरेल, आणि सोनीच्या फुल फ्रेम ए७ मालिकेतल्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर हातात उरतील १०. असं करणारे लोक मी पाहिलेत, आणि महिनाभर खुश असलेलेही पाहिलेत.

दुकानात जाण्यापूर्वी एक काम करा. गेल्या वर्षभरातले तुम्हाला आवडलेले पन्नास फोटो काढा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ आणि आयएसओ एका कागदावर लिहा. बहुतेक ५० मिमीच्या टोकाला असतील तर तुम्हाला लांबी हवी आहे: ७०-३५०. २५-३५ च्या मध्ये आणि आयएसओ ६४०० च्या वर असतील तर ३० एफ/१.४ आणि फ्लॅश. सेकंडहँड बघायची तयारी असेल तर दीड लाखात तिन्ही बसवायला हरकत नाही. सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत मारून दुसऱ्या बाजूने बघा, बुरशीचे जाळे लगेच दिसतात. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ते हमखास असतात. आणि पुढच्या लग्नसराईत लोक तुम्हाला पैसे देऊन रात्रीच्या लग्नांना बोलवायला लागले, तर फुल फ्रेमचा विषय पुन्हा काढू. तेव्हा मात्र बॉडी जुनी घ्या आणि २८-७५ एफ/२.८ आधी घ्या.